नांगराची निशाणी आणि ‘मी सहमत आहे’

१/
अंधेरी पूर्वेतील कोणत्याही गृहनिर्माण संस्थेचे फाटक, सकाळी साडेसातची वेळ. धुणीभांडी करणाऱ्या बायका, वर्तमानपत्रे टाकणारी मुले, कुरिअरवाला यांची रांग लागलेली. पहारेकऱ्याच्या हाती पूर्वी जाडजूड वही असे. आता मोबाइल असतो. नाव, क्रमांक, छायाचित्र, आल्याची वेळ, गेल्याची वेळ अशी सारी नोंद त्यात होते. मुलुंडच्या औषधाच्या दुकानात बिलाआधी मोबाइल क्रमांक विचारला जातो, घाटकोपरच्या कापडदुकानात ‘पॉइंट’ जमा करण्यासाठी, बोरिवलीच्या दवाखान्यात केसपेपरसाठी. दिवस मावळेपर्यंत माणसाच्या दिनक्रमाची नोंद अनेक ठिकाणी झालेली असते. त्यांतील बहुतेक नोंदी त्याला स्वतःला कधीच दिसत नाहीत.

हा धागा त्या नोंदींविषयी आहे.

२/
या नोंदींना मोल आहे, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक प्रस्ताव जगभर मांडला जातो : ज्याची माहिती त्याचीच मालकी, आणि ती वापरायची असेल तर त्याला दाम मोजा. अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॅरन लनिअर यांनी २०१३ साली ‘हू ओन्स द फ्यूचर?’ या पुस्तकात ही कल्पना सविस्तर मांडली. माहितीच्या प्रत्येक वापरामागे तिच्या मूळ धन्याच्या खात्यात छोटीशी रक्कम जमा व्हावी, असा तिचा आशय.

कल्पना न्याय्य वाटते. मात्र ती ऐकताना महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला एक जुने प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही.

३/
ते प्रकरण १८७५ सालचे. स्थळ : पुणे जिल्ह्यातील सुपे. (पारनेर तालुक्यातील सुपे वेगळे. हे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले, आज बारामती तालुक्यात येते.) १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. पाठ्यपुस्तकांत याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाला सर्वाधिक हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतपत्रे, खातेवह्या. ते हाती आले की त्यांची होळी होई. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तर त्याच्या अंगाला बहुधा हात लावला जात नसे.

४/
कागदावर एवढा राग का? त्यासाठी दोन पिढ्या मागे जावे लागते.

पेशवाईनंतर इंग्रजांनी दख्खनेत रयतवारी पद्धत आणली. सरकार थेट शेतकऱ्याकडून रोख सारा घेऊ लागले, आणि पीक येवो न येवो, साऱ्याची तारीख टळत नसे. सावकार पूर्वीही होता. पण त्याची वसुली गावाच्या मर्यादेत चाले. आता त्याच्या मागे दिवाणी न्यायालय उभे राहिले, आणि न्यायालय फक्त कागद वाचत असे.

१८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात कापसाचा भाव चढला आणि कर्ज सढळ हाताने मिळू लागले. यादवी संपली, भाव कोसळला. त्याच सुमारास फेरआकारणीने सारा वाढला. सावकारांनी हात आखडला आणि जुन्या रोख्यांची वसुली सुरू केली.

५/
यात एका कायद्याने अनपेक्षित भर घातली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे बंधनकारक झाले. हेतू चांगला होता : व्याज वर्षानुवर्षे साचू नये.

प्रत्यक्षात उलटे घडले. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे, नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज लावायचे. शेतकऱ्याने मधल्या काळात काय फेडले, याची पावती नसे. खातेवही सावकाराची, लेखणी सावकाराची, हिशेबही त्याचाच.

संरक्षणासाठी केलेला नियम बलवान पक्षाच्या हाती गेला की त्याचे काय होते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

६/
रोख्याच्या शेवटी शेतकऱ्याची सही असे, म्हणजे अक्षर नव्हे. निरक्षर कुणबी नांगराचे चित्र काढी किंवा लिहिणाराच ते काढून शेतकऱ्याचा हात कलमाला लावून घेई. जुन्या मोडी दस्तांत ‘निशाणी नांगर’ असे शब्द ठिकठिकाणी आढळतात.

कायद्याच्या दृष्टीने ही संमतीच होती. न्यायालयात शेतकरी म्हणे, आत काय लिहिले होते ते ठाऊक नाही. न्यायाधीश विचारी, निशाणी तुझीच ना? निशाणी त्याचीच असे. खटला तिथेच संपे.

आज पडद्यावर पंधरा-वीस पानांच्या अटी सरकवून खाली ‘मी सहमत आहे’ हे बटण दाबले जाते. लिहिता-वाचता येणारा पदवीधरही त्या क्षणी नांगराची निशाणीच काढत असतो.

७/
येथे एक खुलासा आवश्यक आहे. सुप्याच्या सावकारांत बाहेरून येऊन स्थिरावलेले मारवाडी आणि गुजराती व्यापारी बरेच होते, म्हणून पुढे काहींनी या दंग्यांना जातीय रंग दिला. पण तक्रारीचे मूळ माणसाच्या जातीत नव्हते. हिशेब एकाच पक्षाच्या हाती असणे, हे ते मूळ होते. दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला. त्याच्या चौकशीतून जो कायदा निघाला त्यानेही कोणा समाजाला नव्हे, व्यवहाराच्या पद्धतीलाच हात घातला.

८/
हा कायदा म्हणजे १८७९ चा ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले.

त्यातील दोन तरतुदी प्रसिद्ध आहेत. एक, न्यायालयाने केवळ शेवटचा रोखा न पाहता व्यवहाराचा सुरुवातीपासूनचा इतिहास तपासावा. दोन, शेतकऱ्याचा दस्त गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर, त्याला मजकूर समजावून सांगूनच व्हावा.

तिसऱ्या तरतुदीकडे मात्र इतिहासलेखनात फारसे लक्ष गेलेले नाही. आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची.

९/
कलम ६४, ६५ आणि ६६.

कलम ६४ : शेतकऱ्याने रक्कम फेडली की घेणाऱ्याने लगेच लेखी पावती द्यावी.
कलम ६५ : शेतकऱ्याला त्याच्या खात्याचा वार्षिक उतारा मिळावा.
कलम ६६ : शेतकऱ्याने मागितल्यास त्याचे खाते एका पासबुकात वेळोवेळी उतरवून द्यावे, आणि ते पासबुक शेतकऱ्याजवळ राहावे.

याचा अर्थ नीट पाहावा. कायद्याने सावकाराची वही जप्त केली नाही, शेतकऱ्याला तिची मालकी दिली नाही, वहीतील नोंदींची किंमतही ठरवली नाही. त्याने एवढेच म्हटले की ज्याच्याविषयी नोंद आहे, त्याच्या हातीही तिची प्रत असावी.

१०/
कायदा पूर्ण यशस्वी झाला का? नाही, आणि तो का फसला हेही बोधप्रद आहे.

गहाणखताची चौकशी होते म्हटल्यावर सावकार थेट विक्रीखत लिहून घेऊ लागले. जमीन ‘विकली’ असे कागदावर. कर्ज फिटल्यावर परत देण्याचे आश्वासन तोंडी. कागदोपत्री शेतकरी आपल्या जमिनीचा स्वतंत्र, सज्ञान विक्रेता ठरला. अखेर १९०७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा विक्रीमागचा खरा व्यवहार तपासण्याची मुभा न्यायालयांना द्यावी लागली.

‘मालकाला विकण्याचे स्वातंत्र्य द्या’ असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. गरजू माणसाला विक्रीचा अधिकार मिळाला की तो प्रथम विकतो आणि नंतर विचार करतो.

११/
नोंदींच्या मक्तेदारीचा दुसरा इतिहास सावकाराच्या पेढीवरचा नसून गावाच्या चावडीवरचा आहे. गावाचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे आणि कुलकर्ण्याचे पद हे वतन, म्हणजे पिढीजात मालमत्ता. कोणाची जमीन किती, कोणाचा सारा थकला, हद्द कोठे, हे सारे एका घराच्या बासनात बांधलेले. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या लेखणीच्या सत्तेवर जो प्रहार केला, त्याचे कारण हेच. ज्ञान बंद केले की हक्कही बंद होतात.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. उर्वरित मुंबई प्रांतात ही वतने १९५० च्या कायद्याने संपली.

१२/
शाहू महाराजांच्या निर्णयाने दप्तर शेतकऱ्याच्या मालकीचे झाले नाही. ते सार्वजनिक झाले. नोंद ठेवणारा आता वतनदार नव्हता, उत्तरदायी नोकर होता.

सातबाऱ्याचा पुढचा प्रवास याच दिशेने झाला. तलाठ्याच्या मागे हेलपाटे घालून मिळणारा उतारा आज संकेतस्थळावर १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. त्यात चुका असतात आणि फेरफार रखडतात, हे खरे. पण शेतकऱ्याला स्वतःविषयीची नोंद पाहता येते, ती बँकेपुढे ठेवता येते आणि चुकीवर हरकत घेता येते. सातबारा कोणी विकत नाही, तरीही शेतकऱ्याला त्याचा लाभ होतो.

१३/
उपनगरांतील वाचकाला हे वेगळ्या रूपात परिचयाचे आहे. १ ऑक्टोबर १९९० रोजी बृहन्मुंबई जिल्ह्यातून वेगळा काढलेला मुंबई उपनगर जिल्हा आज अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांचा आहे. येथे सातबाऱ्याची जागा बहुतांशी मालमत्ता पत्रकाने घेतली. तीस-चाळीस वर्षे राहूनही ज्यांच्या इमारतीखालच्या जमिनीच्या पत्रकावर अद्याप विकासकाचे किंवा मूळ जमीनमालकाचे नाव आहे, अशा संस्था येथे गल्लोगल्ली आहेत. त्यासाठीच २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, आणावे लागले.

घर ताब्यात असूनही नोंद दुसऱ्याच्या नावे असली, तर पुनर्विकासाच्या वाटाघाटीत काय होते, हे मुलुंड-बोरिवलीकरांना वेगळे सांगायला नको.

१४/
आता वर्तमानाकडे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेले निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २०१८ मध्ये तिने अहवालासह विधेयकाचा मसुदा दिला. बरेच फेरफार होऊन २०२३ मध्ये ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतांश तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात येणार आहेत.

१५/
या कायद्यात १८७९ च्या कलमांचे प्रतिध्वनी ऐकू येतात. कलम ११ : स्वतःविषयीच्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क. कलम १२ : दुरुस्ती करण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहण्याची सोय. दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकार, आणि ती सांभाळण्यासाठी ‘संमती व्यवस्थापक’ ही मधली संस्था.

उपेक्षा करण्याजोगा हा ऐवज नाही. परंतु दोन ठिकाणी तो अपुरा पडतो.

१६/
पहिली उणीव : माहिती सोबत नेण्याचा हक्क. २०१९ च्या विधेयकात तो होता. आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात एका सेवेकडून घेऊन दुसरीकडे न्यावी, असा त्याचा अर्थ. २०२३ च्या कायद्यातून तो वगळला गेला. उतारा मागता येईल, पण तो दुसऱ्याच्या पेढीवर चालेल याची हमी नाही.

दुसरी उणीव : भरपाई. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये कंपनीच्या हलगर्जीपणाने नुकसान झाल्यास बाधिताला भरपाई मागण्याची तरतूद होती. नव्या कायद्याने ते कलम रद्द करण्याची व्यवस्था केली आहे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती काही येत नाही.

‘माहितीतून लाभ’ याची चर्चा करायची तर ती येथून सुरू व्हायला हवी.

१७/
संमतीचे एक प्रत्यक्ष चालणारे प्रारूप भारतात आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये नियम केलेली आणि सप्टेंबर २०२१ पासून कार्यरत झालेली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ व्यवस्था. साकीनाक्याचा एखादा छोटा कारखानदार बँकेतील व्यवहारांचा तपशील कर्ज देणाऱ्या संस्थेला तिच्यामार्फत पाठवू शकतो. कोणता तपशील, कशासाठी, किती काळ, हे संमतीत नमूद असते. ती मागे घेता येते. मधल्या संस्थेला मजकूर वाचता येत नाही.

येथे त्याला माहितीचे दाम मिळत नाहीत. तारणाशिवाय कर्ज मिळण्याची शक्यता मिळते. पासबुकाचा हा एकविसाव्या शतकातील अवतार म्हणता येईल.

१८/
पण त्याची सावलीही पाहावी. साधारण २०२० नंतर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. कर्जदाराच्या फोनमधील संपर्कयादी उचलायची आणि हप्ता चुकला की त्याच्या नातलगांना, सहकाऱ्यांना फोन करून बेअब्रू करायची, ही त्यांतील अनेकांची वसुलीची रीत होती. अखेर सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाच्या ॲपना संपर्कयादी, छायाचित्रे आणि कॉलनोंदी यांना हात लावण्यास मनाई केली.

त्या कर्जदारांनीही संमती दिलेली होती. पैशाची निकड असलेल्याची संमती आणि निवांत बसून दिलेली संमती यांत फरक असतो, हे दख्खनला १८७५ मध्येच कळले होते.

१९/
आता दामाचा प्रश्न. मेटा कंपनीने २०२३ च्या शेवटच्या तिमाहीसाठी जाहीर केलेल्या आकड्यांनुसार फेसबुकच्या दर वापरकर्त्यामागे अमेरिका-कॅनडात सुमारे ६८ डॉलर महसूल मिळाला. आशिया-प्रशांत विभागात साडेपाच डॉलरच्या आसपास. रुपयांत हे तिमाहीला साधारण साडेचारशे, म्हणजे महिन्याला दीडशे रुपये.

हा सगळा महसूल आहे, नफा नव्हे. तो जपान आणि ऑस्ट्रेलियासकट साऱ्या विभागाची सरासरी आहे. तो उद्या पूर्णच्या पूर्ण वाटून टाकला, तरी घाटकोपरच्या चाळीतील कुटुंबाची स्थिती पालटणार नाही. उलट ‘दाम दिले, आता तक्रार कसली?’ असे म्हणण्याची सोय मात्र होईल.

२०/
दाम देण्याचे प्रयोग तरीही निरर्थक नाहीत, आणि त्यांतील एक मराठीशी निगडित आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि पवईची आयआयटी यांच्याशी संबंधित संशोधकांनी मराठी बोलीचे ध्वनिमुद्रण मोबदला देऊन करून घेतले. अल्प उत्पन्नाचे ग्रामीण भाषक, अल्प उत्पन्नाचे शहरी भाषक आणि विद्यापीठीय विद्यार्थी, असे तीन गट होते. ३६ जणांकडून १०९ तासांचा ऐवज जमला. गरीब भाषकांच्या कामाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला.

याच प्रयत्नांतून पुढे ‘कार्य’ ही बंगळूरस्थित संस्था उभी राहिली. तासाला किमान पाच डॉलर मोबदला, आणि तोच डेटा पुन्हा विकला गेल्यास बोलणाऱ्याला स्वामित्वधन, हे तिचे घोषित धोरण आहे.

२१/
हे उदाहरण महत्त्वाचे अशासाठी, की येथे माणूस आपली खासगी माहिती विकत नाही. तो काम करतो. त्याला ठाऊक असते की आवाज कोणाला, कशासाठी दिला जात आहे, आणि पुढच्या विक्रीतही त्याचा वाटा आहे. श्रमाचे मोल ठरवता येते, कारण श्रम एकाचे असतात.

खासगी माहिती मात्र क्वचितच एकाची असते. संपर्कयादी विकणारा शेजाऱ्यांचे क्रमांक विकतो. आजाराचा तपशील विकणारा मुलांच्या आनुवंशिक धोक्याचीही वर्दी देतो. एकाने ‘विकले’ की न विकणारेही उघडे पडतात. म्हणून माहितीला सुट्या मालमत्तेप्रमाणे वागवणे, हा मूळ कल्पनेतील दोष आहे.

२२/
महाराष्ट्राने अशा प्रश्नाला पूर्वी एक उत्तर शोधले होते. सावकारीला केवळ कायद्याने आळा बसत नाही हे दिसल्यावर १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. एकट्या शेतकऱ्याला उसाचा भाव ठरवता येत नव्हता. सभासदांना येऊ लागला. सहकाराला पुढे लागलेली कीड सर्वांना ठाऊक आहे, पण तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही.

माहितीच्या बाबतीतही असे प्रयोग होत आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २०१५ मध्ये स्थापन झालेली ‘मिडाटा’ ही सहकारी संस्था सभासदांची आरोग्यविषयक माहिती सांभाळते; संशोधनाला ती द्यायची की नाही, हे सभासद ठरवतो.

२३/
मुंबईच्या उपनगरांना सहकार शिकवायला नको. येथील मध्यमवर्ग राहतोच मुळी सहकारी गृहनिर्माण संस्थांत. आणि येथेच या चर्चेतील अवघड जागा येते.

आतापर्यंत वाचकाने स्वतःला सुप्याच्या शेतकऱ्याच्या जागी पाहिले असेल. कंपन्यांसमोर तो तसा आहेही. पण संस्थेच्या फाटकावर तो दुसऱ्या बाजूला उभा असतो. घरकाम करणाऱ्या बाईचे छायाचित्र, तिच्या येण्या-जाण्याच्या वेळा, कोणत्या घरांत ती काम करते, हे सारे सदनिकाधारकाच्या फोनवर दिसते. काही ॲपमध्ये तिला गुण देण्याचीही सोय असते. तिला स्वतःला यांतले किती दिसते?

खातेवही सदनिकाधारकाच्या हाती आहे. निशाणी तिची आहे.

२४/
समजा, ही नोंद तिलाही मिळाली. महिन्याअखेरीस खाडे किती यावरून होणारा वाद मिटेल, कारण हजेरीचा उतारा दोघांकडे असेल. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायची तर काम करत असल्याचा दाखला लागतो. तो मिळवण्यासाठी दारोदार विनवण्या करण्याऐवजी वर्षभराची नोंद पुढे ठेवता येईल. पतसंस्थेकडे कर्ज मागताना नियमित कमाईचा आधार दाखवता येईल. चुकीच्या नोंदीवर हरकत घेता येईल.

माहितीवर नियंत्रण आणि माहितीतून लाभ, या दोन्ही शब्दांचा तिच्या आयुष्यातील अर्थ हा आहे. महिन्याला दीडशे रुपयांहून तो कितीतरी मोठा आहे.

२५/
यावर एक आक्षेप संभवतो : सुरक्षिततेचे काय? चोऱ्या होतात, वृद्ध एकटे राहतात, फाटकावर नोंद हवीच. हे मान्य. सावकारालाही दिलेल्या पैशाची नोंद ठेवण्याचा अधिकार होताच, आणि १८७९ च्या कायद्याने तो काढून घेतला नाही. नोंद ठेवणाऱ्यावर पावती देण्याची जबाबदारी टाकली, एवढेच.

२६/
सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. पार्किंग, गळती आणि पुनर्विकास यांच्या जोडीला पुढील सभेत चार ठराव मांडता येतील. फाटकावरील ॲपशी केलेला करार सभासदांना वाचायला मिळावा. जुन्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जाव्यात. घरकामगारांना, पहारेकऱ्यांना त्यांच्या नोंदीचा मासिक उतारा मराठीत किंवा त्यांच्या भाषेत मिळावा. आणि त्यांना गुण देण्याची सोय बंद व्हावी, किंवा निदान त्यांचे म्हणणे नोंदवण्याची सोय व्हावी.

यासाठी संसदेच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. साधे बहुमत पुरते.

२७/
सरकारकडे मागणी वेगळी आणि तितकीच स्पष्ट असावी : माहिती सोबत नेण्याचा वगळलेला हक्क परत आणावा, आणि माहिती फुटल्यास बाधिताला भरपाई मिळण्याची वाट मोकळी करावी. पासबुक आणि नुकसानभरपाई हाती असेल, तर दामाची वाटाघाटी ज्याला करायची त्याने खुशाल करावी. ती नसताना केलेली विक्री हे दख्खनमधल्या त्या विक्रीखताचेच नवे रूप ठरेल.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या, कारण त्या वाचण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढे उरला नव्हता. सर्व्हरमधील नोंदी तर जाळताही येत नाहीत. त्यामुळे त्या वाचण्याचा हक्क वेळीच मागून घेणे भाग आहे. आणि जो स्वतः वही बाळगतो, त्याने तो आधी दुसऱ्याला देणे भाग आहे.

(धागा समाप्त)